जिभेचा जन्मदाखला

गेल्या वर्षी आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापिका जपानमधील एका शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी अर्ज भरत होत्या. बाई इंग्रजीच्या एम. ए. आहेत, सेट उत्तीर्ण आहेत आणि तालुक्याच्या महाविद्यालयात नऊ वर्षे तासिका तत्त्वावर काम करीत आहेत. शेक्सपिअरपासून भाषाविज्ञानापर्यंत जो पेपर वाट्याला येईल तो त्यांनी शिकवला आहे. कायम होण्याची आशा त्यांनी कधीच सोडली होती, म्हणून हा परदेशाचा खटाटोप. अर्ज भरायला आम्ही तिघेचौघे बसलो होतो. पदवी, अनुभव, शिफारसपत्रे हे सारे रीतसर पार पडले आणि मग एका रकान्यापाशी लेखणी थांबली. आपले शिक्षण इंग्रजीतून किती वर्षे झाले, असा प्रश्न होता. ‘इंग्रजीचे’ नव्हे, ‘इंग्रजीतून’. पहिली ते दहावी मराठी शाळा. अकरावी-बारावी कला शाखा, तीही मराठीतून. बी. ए.ला विशेष विषय इंग्रजी, पण इतिहास आणि राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिका मराठीत लिहिलेल्या. ती तीन वर्षे उदार मनाने धरली आणि एम. ए.ची दोन मिळवली, तर बेरीज पाच. हवी होती बारा.

त्या संध्याकाळी चहा घेताना आम्ही त्या नियमाला मनसोक्त नावे ठेवली. नंतर मात्र वाटले, नियम असा आकाशातून पडत नाही. कोणी इंग्रजी शिकवावी आणि ते ठरवणारा कागद कोणता, या प्रश्नाला जपानमध्ये दोनशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे, आणि तो आपल्याकडील साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा तरी पाहावा असा आहे. म्हणून हा लेख.

जपानमध्ये पद्धतशीरपणे इंग्रजी शिकवणारा पहिला मनुष्य इंग्रज नव्हता, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून जपानने युरोपीयांना दार बंद केले होते. अपवाद फक्त डच व्यापाऱ्यांचा, आणि त्यांनाही नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावरच वावरता येई. जगाची खबर डच भाषेतून येई आणि ती भाषा जाणणारी दुभाष्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करीत. १८०८ साली ‘फेटन’ नावाची ब्रिटिश युद्धनौका डच निशाण लावून नागासाकी बंदरात शिरली. तिने डच लोकांना ओलीस धरून रसद उकळली आणि ती निघून गेली. नामुष्की सहन न होऊन नागासाकीच्या मुख्याधिकाऱ्याने आत्महत्या केली. शोगुनच्या राजवटीने यातून जो धडा घेतला तो भाषेचा होता. दुभाष्यांनी इंग्रजी शिकावे असा हुकूम निघाला, आणि शिकवायला सापडला तो देजिमावरील यान कॉक ब्लोमहॉफ हा डच अधिकारी. त्याच्या शिकवणीतून १८११ मध्ये एक शब्दसंग्रह आणि १८१४ मध्ये जपानचा पहिला इंग्रजी-जपानी कोश तयार झाला. उच्चार अर्थातच डच वळणाचे होते. इंग्रजीशी कोणाचेच जन्माचे नाते नसताना, एका परक्याने दुसऱ्या परक्यांना तिसऱ्याची भाषा शिकवण्याचा हा उद्योग होता. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, कारण शत्रूची भाषा कळणे एवढाच हेतू होता.

इंग्रजी ही स्वतःची बोली असलेला जो पहिला शिक्षक मानला जातो तो चाळीस वर्षांनी आला, आणि तो आला तोच गुन्हेगार म्हणून. त्याचे नाव रॅनल्ड मॅकडॉनल्ड. १८२४ साली आजच्या अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या मुखावरील ॲस्टोरिया येथे त्याचा जन्म झाला. बाप हडसन्स बे कंपनीतील स्कॉटिश अधिकारी, आई चिनूक जमातीच्या सरदाराची मुलगी. मुलाला शिक्षण देऊन बँकेत चिकटवले. पण खर्डेघाशीत त्याचे मन रमेना. मिश्र रक्ताच्या माणसाला गोऱ्यांच्या जगात कुठवर चढता येईल याचाही अंदाज त्याला आला होता. तो खलाशी झाला. १८४८ मध्ये देवमासे मारणाऱ्या ‘प्लिमथ’ या जहाजाच्या कप्तानाला त्याने विनवले की होक्काइदोच्या किनाऱ्याजवळ मला एका छोट्या होडीतून सोडून द्या. जहाज फुटल्याचे सोंग करून तो रिशिरी बेटावर पोहोचला. ऐनू लोकांनी त्याला सांभाळले, मग मात्सुमाएच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केले, आणि शेवटी परकीयांचा निकाल जिथे लागे त्या नागासाकीला त्याची रवानगी झाली.

प्रवेशाची परीक्षा तेव्हाही होतीच. नागासाकीत ख्रिस्ती मूर्तीचा ठसा असलेल्या फळीवर पाय ठेवून दाखवावा लागे. ज्याचा पाय कचरे तो ख्रिस्ती. मॅकडॉनल्ड प्रॉटेस्टंट होता, त्याने खुशाल पाय ठेवला. त्यानंतर एका देवळाच्या आवारातील खोलीत तो कैदेत राहिला आणि त्या कैदेतच वर्ग भरू लागला. चौदा दुभाषे पाळीपाळीने येत, इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचत, तो उच्चार दुरुस्त करी आणि जेवढे जपानी शब्द कळत गेले तेवढ्यांच्या आधाराने अर्थ सांगे. हा क्रम सुमारे सात महिने चालला. १८४९च्या एप्रिलमध्ये ‘प्रेबल’ ही अमेरिकन युद्धनौका अडकलेल्या खलाशांना न्यायला आली आणि तिच्याबरोबर शिक्षकही गेला. त्याच्या हाती ना पदवी होती ना नेमणूकपत्र. देशात येण्याची परवानगी तर नव्हतीच; जाण्याचीही त्याने मागितली नव्हती.

त्या चौदांपैकी मोरियामा एइनोसुके हा सर्वांत तल्लख. १८५४ मध्ये कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत तो दुभाषा होता आणि पुढच्या करारांच्या धामधुमीत त्याला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. ही शेवटची गोष्ट आपल्याला कळते ती फुकुझावा युकिचीमुळे. फुकुझावा हा आधुनिक जपानचा थोर शिक्षणकर्ता, केइओ विद्यापीठाचा संस्थापक. १८५९ मध्ये नव्याने उघडलेल्या योकोहामा बंदरात तो हिंडला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आयुष्याची उमेदीची वर्षे घालवून शिकलेली डच भाषा इथल्या दुकानांच्या पाट्या वाचायलाही उपयोगी नाही. निराशा गिळून तो इंग्रजीच्या मागे लागला आणि एदो शहरात मोरियामाच्या घरी खेटे घालू लागला. मोरियामाला वेळ मिळेना. दोनतीन महिने पायपीट करून फुकुझावाने तो नाद सोडला आणि कोशाच्या आधाराने स्वतःच इंग्रजी वाचू लागला. बेकायदा आलेल्या चिनूक-स्कॉटिश कैद्याचे इंग्रजी एका दुभाष्यामार्फत जपानच्या सर्वांत मोठ्या शिक्षकाच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. इतिहासाला असे अर्धवट दुवे आवडत असावेत.

१८५८च्या करारांनी परकीयांना ठरावीक बंदरे मोकळी झाली, तरी देश मोकळा झाला नाही. करारबंदराच्या आसपास सुमारे चाळीस किलोमीटरच्या परिघातच त्यांना फिरता येई. गुन्हा केला तर न्याय त्यांच्याच देशाचा वकील करी; जपानी न्यायालयाचा त्यांच्यावर अधिकार नव्हता. हा अपमान जपानला फार झोंबत होता, आणि जोवर परकीय आपला कायदा मानत नाहीत तोवर त्यांना अंतर्भागात राहू द्यायचे नाही, हे त्यावरचे उत्तर होते. अंतर्भागात वस्ती करण्याचा एक मार्ग मात्र होता: सरकारची नोकरी. १८६८ नंतर मेइजी सरकारने भाड्याने परदेशी माणसे आणण्याचा जो सपाटा लावला त्यात अभियंते, वैद्य आणि कायदेपंडित यांच्याबरोबर भाषाशिक्षकही होते. आज आधी व्हिसा आणि मग नोकरी, की आधी नोकरी आणि मग व्हिसा, असा घोळ असतो. तेव्हा नोकरीचा करार हाच व्हिसा होता, आणि करार संपला की परतीचा रस्ता बंदराकडे.

सुरुवातीला या शिक्षकांची निवड कशी होई, याचे वर्णन १८७० मध्ये फुकुईला शिकवायला निघालेल्या विल्यम एलियट ग्रिफिसने करून ठेवले आहे. तोक्योच्या सरकारी शाळेत प्राध्यापक म्हणून मिरवणाऱ्यांत दुकानांच्या गल्ल्यावरून, जहाजांच्या डेकवरून आणि लष्करी छावण्यांतून उचलून आणलेले लोक कसे होते, हे तो कडवटपणे सांगतो. जीभ इंग्रजी असली की पुरे, असा हा हिशेब होता. ब्लोमहॉफच्या काळात जो प्रश्न कोणाला पडला नव्हता त्याचे उत्तर आता न विचारता गृहीत धरले गेले होते. पुढे सरकारने निवड कडक केली, पगार मोठे दिले आणि खरोखरची विद्वान माणसे आणली. पण गृहीतक तसेच राहिले.

या गृहीतकाची खरी कसोटी ज्याच्या आयुष्यात लागली तो लेखक म्हणजे लाफ्काडिओ हर्न. आपल्याकडे ‘क्वाइदान’मधल्या भुताखेतांच्या कथांमुळे त्याचे नाव थोडेफार माहीत असते. १८५० मध्ये लेफ्काडा या ग्रीक बेटावर तो जन्मला. आई ग्रीक, बाप ब्रिटिश सैन्यातील आयरिश शल्यवैद्य. वाढला डब्लिनमध्ये, शाळा अर्धवट सुटली, एक डोळा गेला, अमेरिकेत सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्स येथे वार्ताहर म्हणून नाव मिळवले. १८९० मध्ये एका मासिकासाठी लिहायला तो जपानला आला, तिथे पोहोचताच मासिकाशी बिनसले आणि परक्या बंदरात तो बेकार झाला. बेसिल हॉल चेंबरलेन या जपानी भाषेच्या पंडिताने आणि शिक्षणखात्यातील ओळखीने त्याला मात्सुए या दूरच्या गावी इंग्रजी शिक्षकाची जागा मिळवून दिली. पगार महिना १०० येन. ती जागा नसती तर हर्न बंदराच्या परिघातच फिरला असता आणि ज्या जपानवर त्याने पुढे लिहिले ते त्याला दिसलेच नसते. इंग्रजी साहित्यातील एका महत्त्वाच्या लेखकाचे लेखन एका शाळामास्तराच्या करारपत्रावर उभे आहे, याची नोंद वाङ्मयेतिहासात सहसा होत नाही.

मात्सुएत त्याने कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातील स्त्रीशी संसार मांडला. पुढे मुलगा झाला आणि कायद्याचा पेच उभा राहिला. ब्रिटिश वकिलातीत रीतसर लग्न लावावे, तर सेत्सु ब्रिटिश प्रजा ठरणार. मग तिला जपानच्या अंतर्भागात राहण्याचा आणि मालमत्तेचा हक्क उरणार नाही. लावू नये, तर ब्रिटिश कायद्याच्या नजरेत मुले अनौरस. मग हर्नने तिसरा मार्ग काढला. पत्नीच्या घराण्यात दत्तक जाऊन १८९६ मध्ये तो जपानी प्रजानन झाला आणि त्याचे नाव कोइझुमी याकुमो झाले. कुटुंबासाठी एका माणसाने स्वतःचे राष्ट्रीयत्व सोडले, इतकी ती साधी गोष्ट आहे. पण त्याला एक भीती वाटत होती आणि ती त्याने पत्रांतून बोलून दाखवली: मी जपानी झालो म्हणजे मला जपान्यांचा पगार तर देणार नाहीत? कारण परदेशी शिक्षकाचा आणि देशी शिक्षकाचा पगार यांत जमीनअस्मानाचे अंतर होते.

भीती लगेच खरी ठरली नाही. त्याच वर्षी तोक्योच्या शाही विद्यापीठात तोयामा मासाकाझू यांनी त्याला बोलावून घेतले, महिना ४०० येनांवर. सहासात वर्षे त्याने इंग्रजी साहित्य शिकवले. त्याची पद्धत अगदी साधी होती. हातात टिपणे नसत. तो सावकाश, सोप्या वाक्यांत बोलत जाई आणि विद्यार्थी शब्दन्‌शब्द उतरवून घेत. त्या वह्या इतक्या काळजीने लिहिल्या गेल्या होत्या की हर्नच्या मृत्यूनंतर, १९१५ पासून, कोलंबिया विद्यापीठातील जॉन अर्स्किन यांनी त्यांवरून ग्रंथ संपादित केले. जपानी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून अमेरिकेत इंग्रजी साहित्यसमीक्षेचे पुस्तक तयार व्हावे, याचे आम्हांला राहून राहून कौतुक वाटते. आपल्याकडच्या ‘नोट्स’ संस्कृतीची आपण थट्टा करतो ती थोडी जपून करावी.

१९०३ मध्ये हर्नचा करार पुढे चालू ठेवायचा नाही असे विद्यापीठाने ठरवले. महागड्या परदेशी शिक्षकांच्या जागी परदेशांत शिकून आलेले जपानी विद्वान नेमायचे, हे धोरण होते. धोरण म्हणून ते रास्तच होते. स्वतंत्र देशाने आपल्या विद्यापीठात कायम उसनी माणसे का ठेवावीत? पण ते ज्याच्यावर चालवले गेले तो मनुष्य सात वर्षांपूर्वीच जपानी झाला होता. घराच्या नोंदवहीत तो कोइझुमी होता, पगारपत्रकात मात्र परदेशी राहिला, आणि काढतानाही त्याला परदेशी म्हणूनच काढले. दरम्यान १८९९ मध्ये नवे करार अमलात येऊन करारबंदरांची ती जुनी व्यवस्था संपली होती. आता कोणीही परदेशी जपानमध्ये कुठेही राहू शकत होता. ज्या कागदासाठी त्याने एवढे केले त्याची बरीचशी गरजच उरली नव्हती. विद्यार्थ्यांनी निषेध केला. कमी तासांची तडजोड पुढे आली, ती हर्नने झिडकारली. १९०४ मध्ये वासेदा येथे तो थोडे दिवस शिकवू लागला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला.

त्याच्या जागी जे तिघे आले त्यांत आर्थर लॉइड हा इंग्रज, उएदा बिन हा कवी-अनुवादक आणि नात्सुमे सोसेकी होता. तोवर सोसेकी कादंबरीकार झालेला नव्हता. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनमध्ये दोन वर्षे काढून तो नुकताच परतला होता. ती वर्षे त्याने एकट्याने खोलीत पुस्तके वाचण्यात, पैशाच्या ओढाताणीत आणि मनाच्या आजारात घालवली होती. विद्यापीठात त्याला वर्षाला ८०० येन मिळत, म्हणजे हर्नचा दोन महिन्यांचा पगार. म्हणून शेजारच्या उच्च विद्यालयातही त्याला शिकवावे लागे. हर्नच्या जागी आपण कसे उभे राहणार, असे तो घरी म्हणत असे, ही आठवण त्याच्या पत्नीने सांगितली आहे. झालेही तसेच. हर्नच्या रसाळ व्याख्यानांची सवय झालेल्या मुलांपुढे त्याने ‘सायलस मार्नर’ वाचायला घेतली आणि एकेकाला उभे करून उच्चार आणि भाषांतर तपासू लागला. हे शाळकरी काम मुलांना अपमानास्पद वाटले. दुसऱ्या व्याख्यानमालेत तो साहित्य म्हणजे काय याची कोरडी, सूत्रबद्ध मीमांसा करी, तीही पचेना.

पण त्या मीमांसेच्या मुळाशी जो प्रश्न होता तो आम्हां इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी माणसांना परका नाही. लहानपणी चिनी अभिजात ग्रंथांवर पोसलेल्या सोसेकीला इंग्रजी साहित्याने आपल्याला फसवले असे वाटत होते, आणि हे त्याने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुंगाकुरोन’च्या प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिले. भाषा येते, व्याकरण येते, ग्रंथ वाचले आहेत, तरी रस मात्र चिनी काव्यात जसा चढतो तसा चढत नाही, असे का? इंग्रज समीक्षकाला आवडले ते मला आवडलेच पाहिजे काय? जन्माने इंग्रज असलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला हा प्रश्न पडला नसता, आणि पडला नसता म्हणून तो वर्गात आलाही नसता. पुढे मॅकबेथ आणि किंग लिअर शिकवताना सोसेकीचा वर्ग तुडुंब भरू लागला, असेही नोंदलेले आहे. १९०७ मध्ये त्याने विद्यापीठ सोडले आणि वृत्तपत्रात कादंबऱ्या लिहायला गेला. असो. हर्न चांगला शिक्षक की सोसेकी, असा सामना आम्हांला लावायचा नाही. एकाचे राष्ट्रीयत्व कागदावर बदलले तरी जिभेचे बदलले नाही असे मानले गेले, आणि दुसऱ्याची जीभ कितीही घासली तरी ती हर्नची नाही म्हणून मुले रुसली. दोन्ही वेळा वर्गात काय शिकवले जात होते याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

यानंतर अर्ध्या शतकाचा काळ आम्ही ओलांडतो. १९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलातील इंग्रजी-अध्यापनाची परिषद भरली आणि ज्याची मातृभाषा इंग्रजी तोच आदर्श शिक्षक, हे जुने गृहीतक आता शास्त्राची भाषा बोलू लागले. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये त्यावर कडाडून टीका केली. त्याआधी, १९८५ मध्ये, काश्मिरी भाषावैज्ञानिक ब्रज कचरू यांनी इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली होती: जिथून ती निघाली ते देश, भारतासारखे ती वसवून घेतलेले देश, आणि जपान-कोरियासारखे ती शिकणारे देश. आमच्या विद्यार्थ्यांना ही वर्तुळे परीक्षेसाठी पाठ असतात. व्हिसाच्या खिडकीवर मात्र ती आकृती नसून कुंपण असते, हे पाठ्यपुस्तकात नाही.

जपानने १९८७ मध्ये परदेशी तरुण पदवीधरांना शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून आणण्याची ‘जेट’ योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ८४८ जण आले, तेही अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चारच देशांतून. पदवी हवी, ती कोणत्याही विषयातली चाले. (मॅकडॉनल्ड आणि हर्न दोघेही या अटीत बाद झाले असते.) पुढे १९९० पासून अमलात आलेल्या आगमन-नियमांत शाळेत परकी भाषा शिकवणाऱ्यासाठी ती प्रसिद्ध अट आली: त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण. नीट पाहिले तर ही अट पारपत्र विचारत नाही. भारतीय, फिलिपिनो, नायजेरियन, कोणीही तीत बसू शकतो. या अर्थी ती उदार आहे, आणि आम्ही त्या संध्याकाळी तिला ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या निम्म्या आता परत घेतो.

कोरियाचे उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे हे औदार्य दिसते. तिथे इंग्रजी शिकवण्याचा ‘ई-२’ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताबरोबरच्या आर्थिक भागीदारी करारात, जो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, भारतीयांसाठी सहायक इंग्रजी शिक्षकाची एक वाट ठेवली गेली. मात्र सात देशांतल्या कोणत्याही विषयाच्या पदवीधराला जे मिळते त्यासाठी भारतीयाने इंग्रजीच्या शिक्षकाचे प्रमाणपत्रही दाखवायचे. २००७ पासून तिथे या परदेशी शिक्षकांची एचआयव्ही चाचणी सक्तीची केली गेली. कोरियन आणि कोरियन वंशाचे शिक्षक तिच्यातून वगळलेले. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने दाद मागितली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २०१५ मध्ये ही सक्ती भेदभावाची ठरवली आणि २०१७ मध्ये ती उठली. नागासाकीच्या त्या फळीची इथे आठवण होते. तिथे निदान पाय ठेवून सुटका होत असे.

पण जपानच्या बारा वर्षांच्या अटीकडे परत येऊ, कारण आमच्या दृष्टीने तीच अधिक विचार करायला लावणारी आहे. देशांच्या सीमेवर थांबवणारा नियम सर्वांना सारखा थांबवतो. हा नियम देशाची सीमा ओलांडू देतो आणि मग रेघ ओढतो ती आपल्या गावात, एकाच आळीतल्या दोन घरांमध्ये. ज्या घराला इंग्रजी माध्यमाच्या शाळेची फी परवडली त्या घरातील मुलगा पुढे वाणिज्य शाखेत गेला, कवितेची ओळही त्याने वाचली नाही, तरी त्याची बारा वर्षे भरली. शेजारची मुलगी मराठी शाळेत गेली, इंग्रजीत एम. ए. झाली, मिल्टन शिकवू लागली, तरी तिची पाचच. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, त्याआधी तो पाचवीपासून असे. पण विषय म्हणजे माध्यम नव्हे. आणि मग आपल्याकडचा तो अजब प्रकार, सेमी इंग्रजी: गणित-विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. त्याची वर्षे पूर्ण धरायची की निम्मी, हे तोक्योतला कारकून कसे ठरवत असेल कोण जाणे.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत. विंदा करंदीकर इंग्रजीचेच प्राध्यापक आणि ‘राजा लिअर’चे अनुवादक. या माणसांना वर्गात उभे राहण्यापूर्वी तुमची शाळा कोणत्या माध्यमाची होती, असे कोणी विचारले नाही. आता मात्र हा प्रश्न परदेशी वकिलातीतच विचारला जातो असेही नाही. शहरांतल्या कित्येक शाळांच्या जाहिरातींत शिक्षिका ‘कॉन्व्हेंट शिक्षित’ हवी असे उघड छापलेले आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. आपल्याकडची ही अट कायद्याची नाही, एवढाच फरक. तेव्हा जपानी अधिकाऱ्यावर रागावण्याआधी आम्हांला आमच्या स्टाफरूममध्ये थोडे थांबावे लागते. इंग्रजी विभागात नव्या उमेदवाराची मुलाखत घेताना त्याचा ‘ॲक्सेंट’ ऐकून आम्ही एकमेकांकडे ज्या नजरेने पाहतो, तिला बारा वर्षांचा नियम म्हणायला हरकत नाही.

आमच्या प्राध्यापिकांनी तो अर्ज पाठवला नाही. रकान्यात पाच लिहिले, खोडले नाही, आणि कागद फाइलला लावून ठेवला. जूनमध्ये पुन्हा तासिका तत्त्वावरची नेमणूक आली. यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गात त्या ‘क्वाइदान’मधील एक कथा शिकवीत आहेत. लेखकपरिचय सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “मॅडम, लेखकाचं राष्ट्रीयत्व काय लिहायचं? एका मार्काला येतं.” बाईंनी फळ्यावर हर्न लिहिले, त्याच्या खाली कोइझुमी लिहिले आणि दोन्हींची तारीख घातली. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.